अनुभव धागा: गाडीत जळका वास आला, शेवटी काय निघालं?

गणपतीला कोकणात आणि मे महिन्यात महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांपैकी एखादी तरी घाटात बॉनेट उघडून कडेला उभी दिसतेच. वास आल्याबरोबर जे थांबतात त्यांची गाडी बहुतेक वेळा थोडक्यात सुटते. अडचण पुढे येते. गॅरेजला पोचेपर्यंत वास गेलेला असतो आणि मेकॅनिक म्हणतो, "काहीच नाही, बिनधास्त चालवा." त्याला नेमकं सांगता यावं म्हणून हा धागा. वास कसला होता, चढावर आला की उतारावर, एसी चालू होता का, आणि शेवटी काय सापडलं, एवढं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर कंटेनर बंद पडला होता, रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. मामेभाऊ हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी धरून होता. जळक्या कागदासारखा उग्र वास आला. सगळे म्हणाले, पुढच्या ट्रकचा असेल. काचा लावल्या, तरी जाईना. कडेला घेऊन इंजिन बंद केलं, निवांत थंड होऊ दिलं. नंतर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम चढायचे, वेग मात्र तिथेच. क्लच प्लेट गेली होती. आता चढावर आम्ही हँडब्रेक लावून थांबतो आणि पुढे पुरेशी जागा झाली की एका दमात पहिल्या गिअरमध्ये काढतो.

कोल्हापूर
आमचा वास उतारावरचा. आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना चाकांकडून यायला लागला आणि ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. हे फार धोक्याचं लक्षण आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोरं डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या आसपास उकळतं, पाणी मुरलेलं त्याच्या बरंच आधी. उकळलं की नळीत वाफ होते आणि पाय दाबला तरी दाब पुढे पोचत नाही. उतार दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, न्यूट्रल अजिबात नको. आणि ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते किंवा तडकते.

रत्नागिरी
वरच्या दादांना जोडून: सपाट रस्त्यावर, ब्रेक फारसा न मारता वास आला तर चारही चाकांजवळ लांबूनच हात धरून बघा. पावसाळाभर उभ्या असलेल्या आमच्या गाडीचं एकच चाक भट्टीगत तापलेलं होतं. ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या होत्या, पॅड सतत घासत होते. ॲव्हरेजही पडलं होतं, ते कशामुळे हे तेव्हा उमगलं.

नागपूर
रबराचा वास, तोही फक्त एसी लावला की. कॉम्प्रेसरची पुली जाम होत होती, पट्टा घासत होता. पट्टा तुटायच्या आधी सापडलं.

ठाणे
प्लास्टिक जळाल्याचा वास येत असेल तर कृपया एक दिवसही थांबू नका. बाकीच्या वासांत बहुतेकदा सुटा भाग खराब होतो, यात गाडी पेटायचा धोका जास्त. आमच्याकडे दोन कारणं एकत्र आली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी इंजिनवर चिंध्या आणि सुका पाला आणून घरटं केलं होतं, वायरींची सालं कुरतडली होती. त्यातच आधीच्या मालकाने हेडलाइटला ६०/५५ वॅटऐवजी १००/९० चे बल्ब बसवले होते. फ्यूज उडत होता, म्हणून कोणीतरी १५ अँपिअरच्या जागी ३० चा ठोकला. आता फ्यूज उडेना, वायर तापायला लागली. होल्डर काढला तर पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन बल्बच्या पायाला चिकटलं होतं. फ्यूज असतो तो वायर वाचवायला. तो उडतोय म्हणजे दोष शोधा, मोठा फ्यूज घालू नका.

पुणे
इंजिन ऑइल बदलून आणल्यावर थोडं सांडलेलं ऑइल जळून वास येतो, तो लवकर जातो. आमचा गेला नाही. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक होऊन झिरपत होतं आणि थेंब एक्झॉस्टवर पडत होते. पॅकिंग स्वस्तात झालं.

छत्रपती संभाजीनगर
बीएस ६ डिझेलवाल्यांसाठी: हायवेवरून येऊन थांबल्यावर गरम धातूचा वास, पंखा जोरात चालू, असं झालं तर घाबरू नका. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, तिथे तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं. फक्त तेव्हा वाळलेल्या गवतावर गाडी लावू नका.

सोलापूर
आत गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं आलं, तर कूलंट बघा. आमचा हीटर कोअर, म्हणजे गाडीत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर, गळत होता. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

नाशिक
धूर दिसला तर काय, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कडेला घ्या, चावी बंद करा, आधी मुलं आणि म्हातारी माणसं उतरवून गाडीपासून लांब न्या, मग ११२ लावा. सामानासाठी परत जाऊ नका. बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळाली की आग भडकते. आग विझवायचा पावडरचा सिलिंडर असेल तर लॉक सुटण्यापुरती फट करून तिथूनच मारा. तो डिकीत सामानाखाली ठेवू नका, चालकाच्या सीटखाली घट्ट बसवून घ्या.