मदत हवी आहे : फिलॉइड्सच्या गाठीसाठी काखेतल्या ग्रंथी काढाव्या लागतात का?

नमस्कार. माझ्या मावशीच्या (वय 48, कराडजवळचं गाव) उजव्या स्तनात 9 सेंटीमीटरची गाठ आहे. दिवाळीनंतर ती भराभर वाढली. कोअर बायोप्सीत (जाड सुईने काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत) 'मॅलिग्नंट फिलॉइड्स ट्यूमर' आलंय, म्हणजे स्तनातली एक दुर्मिळ, कॅन्सरची गाठ. हा प्रकार इतका कमी दिसतो की विचारायचं कोणाला हेच कळत नाही.

पहिले सर्जन म्हणतात, स्तनाबरोबर काखेतल्या ग्रंथीही (लिम्फ नोड्स) सगळ्या साफ करून टाकू. दुसऱ्या डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. फिलॉइड्स रक्तावाटे पसरतो, बहुधा फुफ्फुसात. काखेत क्वचितच जातो. म्हणून छातीचा सीटी करा आणि गाठीभोवतीचा निदान 1 सेंटीमीटर चांगला भाग गाठीबरोबर निघेल हे बघा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. मावशी रोज पहाटे म्हशींची धार काढते. काख साफ केल्यावर हाताला कायमची सूज येऊ शकते. मग ती बादली उचलणार कशी? गरज असेल तर काढूच, पण नुसतं 'असू दे' म्हणून नको.

अडचण अशी की सोनोग्राफीत काखेत एक ग्रंथी थोडी मोठी दिसली. 'फॅटी हायलम शाबूत' (ग्रंथीच्या मधला चरबीचा भाग जागेवर) असं लिहिलंय. मोठ्या फिलॉइड्समध्ये अशा ग्रंथी नुसत्या प्रतिक्रियेनेही सुजतात म्हणे. मग आधी सोनोग्राफीखाली सुईने तपासणी करून का बघू नये?

आणखी एक शंका मनातून जात नाही. मेटाप्लास्टिक कार्सिनोमा या स्तनाच्या वेगळ्या कॅन्सरचा एक प्रकार सुईच्या छोट्या तुकड्यात हुबेहूब फिलॉइड्ससारखा दिसू शकतो. तो निघाला तर काखेची तपासणी, निदान सेंटिनेल नोड (कॅन्सर आधी जिथे पोचतो ती पहिली ग्रंथी) तरी, करावीच लागते. म्हणजे सगळं निदानावर अडलंय. हे दोन ओळखायला तुकड्यावर सायटोकेरॅटिन आणि पी63 या प्रथिनांच्या चाचण्या करतात, पण रिपोर्टमध्ये त्यांचा कुठेच उल्लेख नाही. या चाचण्या मागून घ्याव्यात ना?

परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात ती मेणाची वडी) पुन्हा तपासून घेतलेले कोणी इथे आहे का? पेशंटला न नेता ब्लॉक देता येतात का, रिपोर्टला साधारण किती दिवस लागतात? ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. ती थोडी पुढे ढकलून हे आधी करावं का? घरात कोणाला फिलॉइड्स झाला असेल तर काखेचं काय केलं तेही सांगा. शेवटी डॉक्टर सांगतील तेच करू, पण त्यांच्यासमोर नीट प्रश्न घेऊन बसायचंय.