ग्रँड कॅन्यनच्या तळाशी : राफ्टवाले, सॅकवाले आणि एकच वाळू

डेन्व्हरहून

मंडळी, गेल्या ऑक्टोबरात ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीवर १६ दिवस राफ्टने गेले. परत आल्यापासून त्यातली एक संध्याकाळ मनातून जात नाही. तुमच्यातले कितीतरी जण तिथे गेलेत, कोणी राफ्टवर, कोणी सॅक पाठीवर घेऊन. तुम्हीही लिहा. आधी माझं सांगते.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं. लीज फेरीला राफ्ट पाण्यात घातली की खाली डायमंड क्रीकपर्यंत सव्वादोनशे मैल नदीला गाडीरस्ता भेटत नाही. राफ्टचे मुक्काम कोणी ठरवून देत नाही, जी वाळू मोकळी दिसेल तिथे उतरायचं. सॅकवाल्यांच्या परवान्यावर मात्र कोणत्या रात्री कोणत्या भागात राहायचं ते लिहिलेलं असतं. काही ठिकाणी पायवाट खाली येऊन ज्या पुळणीवर संपते, तीच राफ्टवाल्यांनाही हवी असते.

त्या दिवशी हॉर्न क्रीकच्या रॅपिडमध्ये, म्हणजे नदीच्या खळाळत्या, खडकाळ उतारावर, आमची एक राफ्ट उलटली. माणसं सगळी सुखरूप होती. पण त्यांना गोळा करून, राफ्ट सरळ करून, सुटलेली वल्ही शोधून ग्रॅनाइट रॅपिडच्या वर पोचेपर्यंत ऊन कधीच गेलं होतं. नदीचं पाणी वरच्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या खोल भागातून येतं, म्हणून गार. दोघांचे ओठ निळे पडले होते. अंधारात ग्रॅनाइट उतरायचा प्रश्नच नव्हता. पुळणीवर एकच छोटा तंबू होता आणि त्याबाहेर एक जोडपं शेगडीवर नूडल्स उकळत बसलं होतं.

आम्हाला प्रवाहाविरुद्ध मागे जाता येणार नव्हतं. आणि ती दोघं तरी काळोखात सामान उचलून कड्यांतून कुठे जाणार? मी सगळ्यांना राफ्टमध्येच थांबायला सांगितलं, एकटी उतरले आणि विचारलं. त्या बाईने आमच्या पाच राफ्टी पाहिल्या, सोळा माणसं मोजली असावीत, मग म्हणाली, या. त्यांनी आपला तंबू तसाच उचलून झुडपांकडे सरकवला.

मग आमचा संसार उतरला. लोखंडी टेबलं, गॅसच्या शेगड्या, बर्फाच्या पेट्या, खुर्च्या, दिवे. त्यांना गरम जेवण नेऊन दिलं, त्यांनी घेतलं. पण ओले कपडे वाळत घालण्यासाठी दोऱ्या बांधत आमच्यातले काही जण अकरापर्यंत मोठमोठ्याने बोलत होते. पहाटे उठले तर ती दोघं गेलेली. वाळूत तंबूचा चौकोन उमटला होता आणि त्याच्या कडेला आमची दोन ताटं, धुऊन पालथी घातलेली.

जागा मागितली ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं. तो आवाज मात्र आमची चूक होती. मी उठून गप्प करायला हवं होतं, केलं नाही.

फिनिक्सहून

ताई, तुमची ती ताटं डोळ्यांपुढे आली. मी नेहमी सॅकवाल्यांच्या बाजूचा. उघड्या पुळणीवर एकटा बसलेलो असताना वळणावरून एकामागून एक राफ्टी दिसू लागल्या की पोटात गोळा येतो, हे खरं आहे. पण माझा अनुभव त्याच्या उलट आहे.

सप्टेंबरात आम्ही तिघे टॅनर ट्रेलने उतरलो. त्या वाटेवर पाण्याचा थेंब नाही, नऊएक मैल उतरून नदीच गाठायची. पोचलो तर नदी विटकरी. वर कुठेतरी पाऊस होऊन लिटल कोलोरॅडो या उपनदीला पूर आला होता, आणि टॅनर त्या संगमाच्या सात मैल खाली. पाणी ओंजळीत घेतलं तर तळहाताच्या रेषा दिसेनात. आमचा फिल्टर तिसऱ्या बाटलीलाच बसला. उलटं पाणी मारून पाहिलं, धुऊन पाहिलं, थेंबही पुढे जाईना.

तासाभराने चार राफ्टी लागल्या. त्यांच्यातल्या एका वल्हेकऱ्याने आमची अवस्था पाहिली, काही न बोलता दोन बादल्या भरल्या, डब्यातली पांढरी पूड थोडीशी टाकली आणि वल्ह्याच्या दांड्याने सावकाश ढवळली. मी वाकून बघत होतो. आधी काहीच नाही. मग पाण्यात बारीक बारीक गुठळ्या धरायला लागल्या, त्या ढगासारख्या खाली बसल्या आणि वरचं चार बोटं पाणी नितळ झालं. तुरटी! आमची आजी पावसाळ्यात हंड्यात तुरटीचा खडा फिरवायची, मोजून सात वेळा. मी त्याला हाताने तसं करून दाखवलं. त्याला इतकं आवडलं की त्याने सगळ्यांना बोलावून ते परत करायला लावलं.

वरचं पाणी अलगद काढून त्यांच्या फिल्टरमधून गाळलं. निघताना त्यांनी आमचा तीन दिवसांचा कचरा मागून घेतला. ज्याला तो पाठीवरून जवळजवळ मैलभर उंचीवर चढवायचा असतो, त्यालाच या मदतीची किंमत कळते. आता मी नदीवर उतरताना तुरटीची पुडी सॅकमध्ये ठेवतोच.

पुण्याहून

मी भाच्याबरोबर गेले होते, ब्राइट एंजल ट्रेलने. एकच सांगते, कारण आपल्याकडचे लोक इथे हमखास चुकतात. सह्याद्रीत आपण शिकलो की लघवीला पाण्यापासून लांब जायचं. कोलोरॅडोच्या काठावर नियम बरोबर उलटा, थेट नदीत. तळाशी वर्षाला २५ सेंटीमीटरसुद्धा पाऊस नसतो, त्यामुळे वाळूत गेलेलं धुऊन जात नाही, पुळण कुबट वासाने भरते. संडासाचं म्हणाल तर राफ्टवाले सगळं पेट्यांत भरून शेवटपर्यंत सोबत नेतात. पूर्वी त्यासाठी बैठक नसलेल्या लष्करी दारूगोळ्याच्या पेट्या वापरत, त्यावर बसून मांड्यांवर वळ उठायचे, त्यावरून त्याला आजही ग्रूव्हर म्हणतात. दोन आठवडे सोळा जणांचं हे ओझं निमूट वाहणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटला. लघवीचा तो नियम मात्र मोठ्या नदीचाच, बाजूच्या झऱ्यांना लागू नाही.

सॅन होजेहून

माझी तक्रार आहे, आणि ती लिहितोच. उत्तर काठावरून बिल हॉल ट्रेल, थंडर रिव्हर, मग डीअर क्रीक, अशी चार दिवसांची फेरी केली. डीअर क्रीकच्या अरुंद घळीच्या वर पाटासारखे सपाट दगड आहेत, पाणी झुळझुळ वाहतं, घळीच्या भिंतीवर जुन्या माणसांच्या हातांचे ठसे आहेत. इथल्या मूळ रहिवासी पायूट लोकांसाठी ही जागा पवित्र. तीन दिवस माणूस न पाहता आम्ही तिथे पोचलो. साडेदहाला पहिले राफ्टवाले वर आले आणि बारापर्यंत पन्नासच्या वर माणसं झाली. कोणी ओरडून प्रतिध्वनी घेत होतं, एकाने हाताच्या ठशांवर स्वतःचा हात ठेवून फोटो काढून घेतला. मी जाऊन सांगितलं तेव्हा त्याने हात काढला. पण घामट तेलकट हात एकदा लागला तो लागलाच.

ह्यूस्टनहून

वरच्या मित्रासाठी. ठशांना हात लावणाऱ्याची बाजू कोणीच घेणार नाही. पण गर्दी का होते ते सांगतो, मी तीनदा राफ्टवर तिथे गेलोय. डीअर क्रीकच्या तोंडाशी आम्हाला मुक्काम करता येत नाही. सुमारे १८० फुटांचा तो धबधबा नदीवरूनच दिसतो, त्यामुळे थांबत नाही असा गट नाही. पलीकडच्या किंवा खालच्या पुळणीवर रात्रीची जागा मिळवायची तर दुपारनंतर निघावंच लागतं. म्हणून सगळे दहा ते दोनमध्ये वर चढतात. तिसऱ्या खेपेला आम्ही आदल्या दिवशी भेटलेल्या दोन गटांशी बोलून वेळा वाटून घेतल्या आणि सकाळी साडेसातलाच वर गेलो. तिथे एक ट्रेकर एकटीच कॉफी करत होती. आम्ही आठ जण तिच्यापासून लांब बसलो, तासभर कोणी बोललं नाही.

आणखी एक, पुळणी खरोखरच लहान होत चालल्या आहेत. १९६३ पासून वरची वाळू धरणामागे अडते. मधूनमधून मुद्दाम मोठं पाणी सोडून तळाची वाळू काठावर चढवतात, पहिल्यांदा १९९६ मध्ये तसं केलं. पण ती पुन्हा झिजते. भांडण माणसांचं दिसतं, मुळात वाळूच कमी पडतेय.

टेम्पीहून

धरणाचा विषय निघालाय म्हणून. विजेची मागणी वाढली की जास्त पाणी सोडतात, रात्री कमी करतात. ती लाट जितकं खाली जावं तितकी उशिरा पोचते, म्हणजे भर वाळवंटात नदीला रोज भरती-ओहोटी. मला हे ठाऊक नव्हतं. हान्स रॅपिडजवळ बूट आणि पातेलं पाण्याच्या कडेला ठेवून झोपलो. पहाटे बूट ओले, पातेलं गेलेलं. दोन दिवस पिशवीतच भात भिजवून खाल्ला. राफ्टवाल्यांचं उलट होतं, पाणी उतरलं की सकाळी राफ्टी कोरड्या वाळूत रुतलेल्या. अशी एक राफ्ट ढकलायला मी हात लावला, बदल्यात त्यांनी पातेलं दिलं. ते अजून वापरतोय.

शिकागोहून

मी नर्स आहे. जूनमध्ये आम्ही हर्मिटच्या पुळणीवर जेवायला थांबलो होतो, सावलीत ४३ अंश. एक बाई धावत आल्या, नवऱ्याला बरं वाटत नाहीये म्हणाल्या. साधारण पन्नाशीचे गृहस्थ, दगडाला टेकून बसलेले, डोकं ठणकतंय, मळमळतंय, बोलणं जरा अडखळत होतं. आमच्यातल्या एकाने लगेच पाण्याची बाटली पुढे केली. मी थांबवलं. विचारलं तर सकाळपासून सहा लिटर पाणी प्यायलेले, खाल्लं मात्र काहीच नाही, आणि लघवी सारखी होत होती, तीही पाण्यासारखी. शरीरात पाणी भरपूर होतं, मीठ घटलं होतं. अशा वेळी आणखी पाणी दिलं तर जिवावर बेततं.

आमच्या डब्यात नाशिकहून आईने पाठवलेला चिवडा होता. चिमूटचिमूट खायला दिला, शेंगदाणे नीट चावून खा म्हणत राहिले. शर्ट नदीत बुडवून अंगावर घातला, सावली सरकेल तसं त्यांना सरकवलं. सॅटेलाइट फोन हाताशी ठेवला होता, बोलणं आणखी बिघडलं असतं तर हेलिकॉप्टर मागवणार होतो. तीन तासांनी त्यांनी स्वतःहून विचारलं, हे पिवळं काय आहे, चांगलं लागतंय. तेव्हा मला श्वास घेता आला.

त्या दिवशी क्रिस्टल रॅपिड पार करायचा बेत होता. आमच्या प्रमुखाने घड्याळ पाहिलं, मग राफ्टीचे दोर आणखी घट्ट बांधले आणि म्हणाला, उद्या. सोळाच्या सोळा जणांनी ते मान्य केलं. त्या जोडप्याच्या शेजारीच आम्ही मुक्काम केला, आणि रात्री आठनंतर सगळा तळ शांत होता.

सिएटलहून

मी दोन्ही बाजूंची आहे. तळाशी नदीजवळ फँटम रँच ही मुक्कामाची जागा आहे, तिथे काही गट माणसं बदलतात, निम्मे वर चढून जातात, निम्मे खाली उतरून राफ्टीत बसतात. मी आणि बाबा साउथ कायबाबने उतरलो, सात मैल, सुमारे ४,८०० फूट उतार. बाबा ६४ वर्षांचे. खाली येईपर्यंत आम्ही सॅकवाले होतो, काळा पूल ओलांडला आणि राफ्टवाले झालो. पहिल्या दिवशी बाबा राफ्टीत गप्प होते. दोन्ही बाजूंना काळाभोर, पाण्याने घासून तकतकीत झालेला खडक. वल्हेकऱ्याने नाव सांगितलं, विष्णू शिस्ट, वय पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपास. १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने इथल्या शिखरांना विष्णू, शिव अशी नावं दिली, त्यावरून खडकाचंही पडलं. राफ्ट काठाला लागली तेव्हा बाबांनी चपला काढल्या आणि खडकावर तळवा टेकला. शेजारून एक ट्रेकर मुलगा जात होता, तोही थांबला. काय चाललंय ते त्याने विचारलं नाही. टोपी मात्र काढली.

सॉल्ट लेक सिटीहून

माझा अनुभव नदीच्या पहिल्या मैलाचा. परिया कॅन्यन चालत आलो, ३८ मैल, पाच दिवस, बहुतेक वाट पाण्यातूनच. ती घळ लीज फेरीलाच उघडते. म्हणजे आमचं जिथे संपतं तिथे राफ्टवाल्यांचं सुरू होतं. आम्ही गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, वापरलेल्या संडासाच्या पिशव्या सॅकला बाहेरून बांधलेल्या. ते कोरे, क्रीम लावलेले, पट्टे आवळत, बर्फाच्या पेट्या रचत असलेले. एक मुलगी रॅपिडांचा नकाशा उघडून बसली होती आणि तिचे हात थरथरत होते. अठरा दिवस, पहिलीच वेळ, म्हणाली. मला काय बोलावं सुचेना. त्यांची शेवटची राफ्ट जड झाली होती, वाळूतून सुटत नव्हती. आम्ही चौघांनी सॅक उतरवल्या, रबरी कडेला खांदे लावले. ती मुलगी मागे वळून बघत होती. राफ्ट सुटली तेव्हा आमच्या हातांचा चिखल राफ्टीच्या रबरी कडेला लागला होता, तो पहिल्या वळणापर्यंत दिसत होता.