न्यू जर्सीत आता सोलर बसवावं का?

एडिसनकर: मंडळी, सोलरवरचं केंद्राचं ३०% टॅक्स क्रेडिट (खर्चाच्या ३०% रक्कम आयकरातून वजा) ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं, आम्ही छप्पर बदलण्यात अडकलो आणि राहूनच गेलं. आई रोज विचारते, अरे एवढं ऊन वाया चाललंय, कधी लावणार? राज्याकडून काही मिळतं का अजून?

जर्सीवाला: मिळतं की! पॅनलवर सेल्स टॅक्स नाही, प्रॉपर्टी टॅक्स त्यामुळे वाढत नाही, शिवाय पॅनलनी बनवलेल्या दर १००० युनिट विजेला एक सर्टिफिकेट, त्याचे पैसे मिळतात, असं १५ वर्षं चालतं. वर नेट मीटरिंग, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला दिली की ती बिलातून वजा. जूनमध्ये दुपारी आमच्या मीटरवरचा बाण उलटा होतो ना, खूप बरं वाटतं बघून.

ह्यूस्टनची ताई: वॉशिंग्टनवरच सगळं अडत नाही रे. इथे टेक्सासमध्ये १९९९ साली जॉर्ज डब्ल्यू. बुश गव्हर्नर असताना नवीकरणीय विजेचा कायदा झाला, मग पश्चिमेकडून वाऱ्याची वीज शहरांकडे आणायला लाइनी टाकल्या, आज पवनऊर्जेत आमचं राज्य देशात पहिलं.

बे एरिया: पण राज्यंही नियम बदलतात हं. आमच्याकडे कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना ग्रिडला दिलेल्या विजेचा भाव खूपच कमी मिळतो, बॅटरीशिवाय जमत नाही. एडिसनकर, आत्ताचे नियम आहेत तोवर अर्ज टाक.