विषय: गणपतीचा हॉल आणि आमची 19 माणसं

प्रेषक: सचिव
सोमवार, 26 जानेवारी 2026

नमस्कार मंडळी,

थंडी मी मी म्हणत असताना शनिवारच्या हळदीकुंकवाला एवढ्या जणी आल्या, सगळ्यांचे आभार. एक जांभळी शाल आणि तिळगुळाचे दोन डबे हॉलच्या किचनमध्ये राहिलेत. ज्यांचे असतील त्यांनी कळवा. डबे रिकामे आहेत.

आता कामाचं. यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी येतेय, म्हणून आपला गणपती शनिवारी 19 ला धरलाय. नेहमीप्रमाणे चर्चच्या ऑफिसला मेल टाकली, तर उत्तर आलं की 30 जूननंतरचं कुठलंच बुकिंग सध्या घेत नाही. कारण दिलेलं नाही. शाळेच्या कॅफेटेरियाची चौकशी केली. भाडं तिप्पट, आणि उदबत्तीसुद्धा चालणार नाही. कुणाला दुसरी जागा ठाऊक असेल तर लवकर सांगा.

– सचिव

*

प्रेषक: माजी अध्यक्ष
सोमवार, 26 जानेवारी

चर्च विकायला निघालंय अशी कुणकुण मला दिवाळीतच लागली होती. मी म्हणतो, आपणच का घेऊ नये? इथे अमेरिकेत जुन्या चर्चमध्ये देवळं उभी राहिलीच आहेत की! हॉल आहे, किचन आहे, पार्किंग आहे. बिशपसाहेबांना एक पत्र टाकू, हप्ते बांधून घेऊ. पुन्हा अशी संधी येणार नाही.

*

प्रेषक: ढोल-ताशा पथक
सोमवार, 26 जानेवारी

काकांना अनुमोदन. मी रविवारी सकाळी तिथूनच जिमला जातो, लॉटमध्ये जेमतेम दहा गाड्या असतात. एवढ्या लोकांसाठी एवढी बिल्डिंग तापवायची कशाला? बंद करून दुसऱ्या चर्चमध्ये गेले तर काय बिघडतं?

*

प्रेषक: ताई (हॉलची किल्ली जिच्याकडे असते ती)
मंगळवार, 27 जानेवारी, रात्री

मंडळी,

हा शब्द तुम्ही मेलच्या सुरुवातीला सहज लिहिता. आमच्या नगरकडे ख्रिस्ती घरांत ‘मंडळी’ म्हणजे चर्चची माणसं. इमारतीला आम्ही देऊळच म्हणायचो. तुम्ही तिघं देवळाबद्दल बोलून झालात, आता मंडळीबद्दल मी बोलते. मेल लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

जुन्यांना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगते: मी त्या चर्चची सिनियर वॉर्डन आहे. एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या अमेरिकेतल्या शाखेत, सभासद आपल्यातूनच एक कमिटी निवडतात, तिला व्हेस्ट्री म्हणतात. तिच्यात दोन वॉर्डन. सिनियरने पाळकांच्या जोडीने कारभार बघायचा, ज्युनियरने छप्पर, नळ, बॉयलर. आमच्याकडे तीन वर्षं पाळक नाहीत, त्यामुळे जोडी मोडलेली आहे. ज्युनियर वॉर्डन 81 वर्षांचे आहेत आणि शिडीवर चढायला त्यांच्या लेकीने बंदी घातलीय.

बुकिंग नाही म्हणणारी ती मेल माझीच. कारण लिहिलं नाही, कारण वार्षिक सभा रविवारी होती आणि सभेआधी गावभर करणं बरं नव्हतं. आता सभा झाली.

वेदीमागच्या खोलीत एक लाल रजिस्टर असतं. प्रत्येक उपासनेनंतर त्यात तारीख, कुठली उपासना, कोणी चालवली आणि किती माणसं होती ते लिहायचं. मोजायचं काम माझं. प्रवचन चालू असताना मी मागच्या बाकावरून डोकी मोजते. परवाच्या रविवारी 19, ऑर्गन वाजवणारी आणि मी धरून. तान्हं बाळ असलं तरी एक धरायचं. आमच्याकडे सध्या तान्हं नाही. वर्षाचे आकडे बेरीज करून 1 मार्चच्या आत वर पाठवायचे असतात, आणि दर फेब्रुवारीत मी ते दोनदा मोजते, वाढतील म्हणून नव्हे, पण मोजते.

हे एकट्या आमचंच नाही. 1960 च्या दशकात एपिस्कोपल चर्चचे सभासद 34 लाखांच्या आसपास होते, आता 15 लाखांच्या आसपास. आपल्या विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकी, फॉन्ड डु लॅक आणि ओ क्लेअर असे तीन धर्मप्रांत, म्हणजे एकेका बिशपच्या हाताखालचे मुलूख, होते. 2024 मध्ये ते एकत्र झाले आणि 1847 मध्ये होता तसा पुन्हा एकच विस्कॉन्सिन धर्मप्रांत झाला. घरं कमी झाली की भावकी एका चुलीवर येते, तसं.

पूर्णवेळ पाळक ठेवायचा तर पगार, राहायची सोय, आरोग्यविमा, आणि वर 18 टक्के पेन्शन फंडात. आमच्याकडे प्रत्येक घर वर्षाला किती देणार ते आधीच चिठ्ठीवर लिहून देतं. त्या सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज या खर्चाच्या निम्म्यालाही पुरत नाही. म्हणून महिन्यातले दोन रविवार पाहुणे पाळक येतात, तेव्हा प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, होतं. उरलेल्या रविवारी प्रार्थनापुस्तकातली सकाळची उपासना आम्हीच चालवतो, तिला दीक्षा घेतलेला माणूस लागत नाही. माझी पाळी असते तेव्हा सगळे स्तोत्र माझ्या नगरी इंग्रजीत ऐकतात. तक्रार आलेली नाही.

आता काका, तुमचे हप्ते. कागदावर जागा आमच्या नावावर असली तरी 1979 पासून चर्चचा नियम आहे: मंडळीची मालमत्ता ही धर्मप्रांत आणि सबंध चर्चच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळायची. बिशप आणि धर्मप्रांताची स्टँडिंग कमिटी हो म्हटल्याशिवाय आम्हाला पार्किंगचा कोपरासुद्धा विकता येत नाही.

ही झाली कागदाची अडचण. दुसरी अडचण दक्षिणेकडच्या भिंतीलगत आहे. आरती झाल्यावर आपली पोरं ज्या बागेत लपाछपी खेळतात, तिथल्या फरशांखाली 17 माणसं आहेत. दहनानंतरची राख. कलश नाही, पेटी नाही. हातभर खड्डा, त्यात राख थेट ओतायची, वरून माती, मग फरशी, तिच्यावर बोटभर रुंदीची पितळी पट्टी, नाव आणि साल. त्यातल्या पाच जणांच्या वेळी खड्ड्याशी मी उभी होते. ती राख उचलून दुसरीकडे नेता येत नाही, कारण ती आता मातीच झालीय. जागा विकली तर यांचं काय, या एका प्रश्नावर सभेत 40 मिनिटं गेली. बॉयलरवर दहा.

सभेत सगळ्यात स्पष्ट बोलली आमची 93 वर्षांची आजी. तुमच्यापैकी काहींना ती आठवत असेल. 2011 मध्ये आपण पहिल्यांदा गणपतीसाठी हॉल मागितला, तेव्हा व्हेस्ट्रीत मूर्ती, धूप, नैवेद्य यावर तासभर खल चालला होता. हिने मध्येच विचारलं, हे लोक खुर्च्या परत रचून ठेवतात का? मी म्हटलं, ठेवतात. ठराव पास. तेव्हाच ठरलं की हॉल तुमचा, उपासनेची जागा मात्र नाही, आणि ते दोन्हीकडून पाळलं गेलंय.

तर ही आजी. नवरा बागेत आहे, शेजारची फरशी तिने स्वतःसाठी राखून ठेवलीय. ती उठून म्हणाली, विकायचं तर विका, पण मी जायची वाट बघू नका. आत्ता ठरवा. माझी राख कुठे जाणार ते मला जिवंतपणी कळायला हवं. त्यानंतर थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. चार वर्षं व्हेस्ट्री जे पुढच्या मीटिंगवर ढकलत होती, ते त्या मिनिटात समोर आलं.

पर्याय दोनच उरलेत. एक, ठेवीतून दरवर्षी काढत राहायचं आणि ती संपली की बिशपना बोलावून शेवटची उपासना करायची. त्यासाठी वेगळी प्रार्थना छापलेली आहे, पवित्र केलेली इमारत पुन्हा साधी करण्याची. मी ती वाचलीय. रात्री वाचू नये. दोन, रस्त्यापलीकडचे लुथरन. त्यांचीही गत आमच्यासारखीच. ते ज्या ईएलसीए या अमेरिकेतल्या लुथरन संस्थेत आहेत तिची आणि आमची 2001 पासून पूर्ण सहभागिता आहे, म्हणजे त्यांचे पाळक आमच्या वेदीवर उभे राहू शकतात, आमचे त्यांच्या. दोन मंडळ्या, एक पाळक, आणि पुढेमागे एकच इमारत. कुठली इमारत ते कोणी मोठ्याने विचारलं नाही. त्यांचं पार्किंग मोठं, आमचा ऑर्गन चांगला. आमच्याकडे बाग.

सभेने दुसऱ्या पर्यायाचा विचार करायला जूनअखेरपर्यंत मुदत दिलीय. म्हणून 30 जून. सप्टेंबरचं वचन देऊन ऑगस्टमध्ये तुमचा गणपती रस्त्यावर आणायचा नव्हता.

पथकवाल्या, तुला वेगळं उत्तर देते. दुसऱ्या चर्चमध्ये गेले तर काय बिघडतं? काहींचं काहीच नाही. पण गाड्याच मोजायच्या तर मंगळवारी रात्री मोज. तळघरात दारू सोडलेल्यांची बैठक असते, तिला रविवारच्या आमच्यापेक्षा जास्त माणसं असतात. गुरुवारी किराण्याच्या पिशव्या घ्यायला रांग लागते. ते कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाहीत, कारण ती उपासना नव्हे. आणि राग मानू नकोस, आपल्या मंडळाच्या गेल्या सर्वसाधारण सभेला 14 जण होते, त्यातले नऊ कार्यकारिणीचे.

मी तिथे कशी, असंही काही जणांना वाटत असतं. 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, आमची नगरची मंडळी त्यात होती. ते चर्च आणि एपिस्कोपल चर्च एकाच अँग्लिकन कुटुंबातले. मी आले ती तिथल्या पाळकसाहेबांचं पत्र घेऊन. यांच्या कॅलेंडरमध्ये 5 एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा दिवस आहे, 1922 मध्ये त्या दिवशी त्या केडगावला वारल्या. दरवर्षी मी त्यांच्याबद्दल दोन मिनिटं बोलते. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या होत्या म्हटलं की लोकांचे कान टवकारतात. यंदा नेमका 5 एप्रिललाच ईस्टर, त्यामुळे रमाबाईंची पाळी हुकली.

नगरला कापणीच्या सणाला लोक देवळात भोपळे, कणसं, जिवंत कोंबड्या घेऊन यायचे आणि उपासनेनंतर लिलाव व्हायचा. एकच भोपळा तीनदा विकला जायचा, कारण घेणारा पैसे भरून तो परत वेदीपुढे ठेवायचा. दोन वर्षांपूर्वी इथे तसं करून पाहिलं. कोंबडी कोणी आणली नाही, पण एक बनाना ब्रेड चारदा विकला गेला.

मंडळाकडून मला दान नको. लुथरन लोकांशी बोलताना आमच्या बाजूने काय आहे ते दाखवावं लागेल. दर वेळी सुटं बुकिंग करण्याऐवजी मंडळाने वर्षाचा करार करायची तयारी कळवली, तर तो कागद मला टेबलावर ठेवता येईल. जो कोणी पुढे ती इमारत चालवेल, त्याच्याशी करार.

– ताई

*

प्रेषक: खजिनदार
बुधवार, 28 जानेवारी

ताई, जुनी पावतीपुस्तकं काढून बघितली. 2011 मध्ये आपण कार्यक्रमाला 150 डॉलर देत होतो. आजही 150 च देतो. चर्चने कधी वाढवले नाहीत आणि आपण कधी विचारलं नाही, हे खजिनदार म्हणून लिहिताना बरं वाटत नाही. त्यातच तुम्ही पार्किंगमधला बर्फ काढून देता.

वर्षाला सहा कार्यक्रम धरून दुप्पट भाड्याने करार करावा असं मी सुचवतो. तरी कॅफेटेरियापेक्षा स्वस्तच. आपल्या विम्याच्या सर्टिफिकेटवर चर्चचं नाव घालावं लागेल, एजंटला एक मेल टाकली की होतं.

मला खाजगीत दोन मेल आल्या की मंडळाचे पैसे चर्चला का. हे भाडं आहे. कॅफेटेरियाला दिलं असतं तर कुणी विचारलं नसतं.

*

प्रेषक: माजी अध्यक्ष
बुधवार, 28 जानेवारी

हप्त्यांची सूचना मागे घेतो. कराराला अनुमोदन, पण एकच वर्षाचा. जूननंतर तिथे कोण असेल ते ठाऊक नसताना तीन वर्षांची सही मी करू देणार नाही. बागेचं मला खरंच माहीत नव्हतं. गेल्या वर्षी निर्माल्याची बादली मीच तिथे ठेवली होती.

पुढच्या लिलावाला भोपळा माझा.

*

प्रेषक: ताई
गुरुवार, 29 जानेवारी

काका, एक वर्ष पुष्कळ झालं. बादली आजीने बघितली होती. झेंडू चांगले आहेत म्हणाली.

आता एक लहानसं काम. राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आहे, म्हणजे 17 ला मंगळवारी पॅनकेकचं जेवण. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी घरातली अंडी-लोणी संपवायची जुनी रीत आहे. यंदा लुथरन लोकांनाही बोलावलंय. खाणारे पुष्कळ, उलटणारे तीन, त्यातले ज्युनियर वॉर्डन एक. कुणी येता का? घावनं केलीत तरी चालेल, पीठ मी भिजवते.

*

प्रेषक: ढोल-ताशा पथक
गुरुवार, 29 जानेवारी

ताई, माझ्याकडे आईचा बिडाचा तवा आहे, घावनं मला येतात. शिडीही आहे, गटरचं काही काम असेल तर आधी येतो. किती वाजता? आणि बागेकडच्या दाराने यायचं ना, ते किचनला जवळ आहे?

*

प्रेषक: ताई
गुरुवार, 29 जानेवारी

चारला ये. पार्किंगच्या दाराने. बागेतून नको, बर्फाखाली फरशा दिसत नाहीत.