गावात सगळे वाखाणतात, फुटबॉलच्या ट्रायलला वीस मिनिटांत घरी. भावाचं नेमकं काय चुकतंय?

डिचोलीची ताई

नमस्कार. मी गोव्यातल्या साखळीजवळच्या एका गावातली. पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसते. स्वतः कधी बॉलला पाय लावलेला नाही, पण धाकट्या भावामुळे पाच वर्षं मैदानाच्या कडेला उभी राहते आहे. नोटा मोजायची सवय, म्हणून तिथेही मोजते. एक दोनशे पानी वही आहे. कुठला सामना, किती क्रॉस (कडेवरून गोलासमोर बॉल) टाकले, किती आपल्या माणसाला लागले, किती वेळा बॉल हिसकावून घेतला, सगळं त्यात आहे. घरचे हसतात.

भाऊ अकरावीत आहे. डावखुरा, म्हणजे पायाने. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचाव खेळतो. यंदा शाळांच्या सुब्रतो कपच्या तालुका फेरीत पावसात, घोट्याएवढ्या चिखलात, चार सामने खेळला. त्या चार सामन्यांत त्याच्या बाजूने समोरच्यांचा एकही गोल झाला नाही. पुढच्या फेरीत शाळा हरली आणि तिथेच सगळं संपलं. फायनलची दिल्ली राहिली दूर, फोंड्याच्या पुढेही त्याला कोणी पाहिलं नाही.

मग दक्षिण गोव्यातल्या एका अकादमीची ट्रायल निघाली. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. सकाळी सातची वेळ. साखळीहून पहिली कदंबा बस धरून फोंडा, तिथून मडगाव, पुढे रिक्षा. बूट चुलतभावाचे, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. साठेक पोरं आणि दोन कोच. भावाच्या छातीवर स्टिकर लावला, त्यावर मार्करने ४७. "लेफ्ट बॅक कोण कोण?" विचारल्यावर नऊ हात वर झाले. कोचने तिघांना ठेवलं आणि बाकीच्यांना जिथे जागा होती तिथे पाठवलं. ४७ गेला राइट हाफला. डाव्या पायाचा पोरगा उजवीकडे! वीस मिनिटांत त्याच्याकडे बॉल आला सात वेळा. मी मोजला. त्यातले दोन तर थ्रो-इन. शिटी वाजली, नावं वाचली, ४७ नाही. मी धीर करून विचारलं, तर कोच म्हणाले, "टेक्निक बरं आहे, पण अंगापिंडाने कमी पडतो."

परतीच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. फोंड्यापर्यंत एक शब्द नाही. फोंड्याला म्हणाला, "ताई, वही टाकून दे."

बाबा खनिज वाहणाऱ्या टिपरवर होते. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हापासून आमच्या घरात 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य चालत नाही. बाबा म्हणतात आयटीआय कर, इलेक्ट्रिशियन हो. चुकीचं बोलत नाहीत.

मला दिलासा नको आहे. दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. माझा भाऊ खरोखर नजरेतून सुटला, की तो फक्त गावातला वाघ आहे? आणि ते कळायचं कसं?

ता. क. त्याची जन्मतारीख २८ डिसेंबर. आई नेहमी म्हणते, चार दिवस आणखी कळ काढली असती तर पोरगा वर्षाने लहान भरला असता. याने काही फरक पडतो का?

पीटी मास्तर, फोंडा

पडतो. तुमच्या आईने नेमक्या जागी बोट ठेवलंय.

मी बावीस वर्षं शाळेत पीटी शिकवतो, तालुक्याच्या निवडीला अनेकदा बसलोय. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे तुमचा भाऊ त्याच वर्षीच्या जानेवारीतल्या पोराबरोबर धावतो, आणि तो पोरगा याच्यापेक्षा जवळजवळ बारा महिन्यांनी मोठा असतो. पंचविशीत याने काही बिघडत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी एकाला मिशी फुटलेली असते आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. आम्ही निवडणारे शपथेवर सांगतो की खेळ बघतो, पण पहिल्या पाच मिनिटांत डोळा जातो उंच पोराकडे. माझाही गेलाय. जगभर युवा संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली पोरं जास्त सापडतात, ती याच कारणाने.

अजून एक. मोठ्या स्पर्धांत वय लपवणाऱ्यांना पकडायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय काढतात, टीडब्ल्यू-३ म्हणतात त्याला. हाडांचं वय जास्त निघालं तर पोरगा बाहेर. कमी निघालं, म्हणजे अजून वाढायचा आहे, तर त्याबद्दल कोणी पाठ थोपटत नाही. बाबांची उंची किती? आईची? मामा लोक किती उंच? पोरगा कुठवर जाईल याचा अंदाज त्यावरून येतो, वीस मिनिटांवरून नाही.

आता कडू बोलतो. राइट हाफला टाकलं हा अन्याय झाला, मान्य. पण सात वेळा बॉल आला म्हणता, तर उरलेली अठरा-एकोणीस मिनिटं तो काय करत होता? तुमच्या वहीत ते नाही. क्रॉस, टॅकल हे मलाही दिसतं, तुम्हालाही दिसतं. चांगला कोच बॉल नसलेल्या पोराला बघतो. एक काम करा. पुढच्या सामन्यात फक्त एवढंच मोजा: पास त्याच्या पायाशी येण्याआधी तो मान वळवून खांद्यामागे बघतो की नाही. दुसरं काही मोजू नका.

व्हिडिओ काढाल तर गोल-बिल जोडून गाणं लावलेला दोन मिनिटांचा नको. तसे आम्हाला रोज येतात. शाळेच्या गच्चीवरून अख्खा सामना घ्या, फोन हलवू नका.

साष्टीकार

बाय, वाईट वाटून घेऊ नको, पण असे चाळीस-पन्नास पोरगे आमच्या साष्टीत, मडगावच्या बाजूला, एका गावात सापडतील. आणि तेसुद्धा बसच्या खिडकीला डोकं टेकून येतात, फक्त त्यांचा प्रवास लहान. इकडची पोरं स्टेडियमच्या सावलीत वाढतात म्हणून सगळं आयतं मिळतं हा उत्तर गोव्याचा गैरसमज आहे.

जुना स्टॉपर

साष्टीकार, अर्धं खरं आहे तुझं. खिडकी तीच असेल, पण पहाटे साडेचारला घर सोडून आलेले पाय आणि सहाला उठून आलेले पाय एक नसतात रे.

ताई, मी पेडण्याचा. नव्वदच्या दशकात स्टॉपर, म्हणजे मधला बचाव खेळलो. आमच्या वेळी शिडी सरळ होती. गावची टीम, मग थर्ड डिव्हिजन, आणि एखाद्या रविवारी बांधावर डेंपो नाहीतर साळगावकर क्लबचा माणूस छत्री घेऊन उभा. खाणीच्या पैशावर क्लब चालायचे. पोरगा आवडला तर खेळ आणि नोकरी दोन्ही मिळायचं. तुझ्या बाबांचा टिपर आणि आमचे बूट एकाच खाणीतून निघायचे म्हण. पाच वेळा देशाची लीग जिंकलेली डेंपो त्यातूनच उभी राहिली, महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही मंडळी तिथलीच. मग २०१६ ला डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग, तिघांनी आय-लीग या देशपातळीच्या लीगमधून अंग काढून घेतलं. डेंपो परत आली ती २०२४ ला. मधल्या आठ वर्षांत जी पोरं सोळाची होती त्यांचं काय झालं, कोणी विचारलं नाही.

२०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप आठवतो? मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला सामने झाले, आम्ही तिकिटं काढून बसलो. भारताच्या २१ जणांत गोव्याचा एकही पोरगा नव्हता. मणिपूरचे होते, कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे होता. आमचा नाही. त्यामुळे फक्त तुझा भाऊच नजरेतून सुटला असं समजू नकोस.

आता कामाचं. डावा पाय विकू नको, म्हणजे त्याला उजवीकडे खेळायची सवय लावू नको. डाव्या पायाचा बॅक मिळत नाही म्हणून कोच रडतात. म्हापशाचा मंदार राव देसाई बघ. विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा, म्हणून नाव झालं, मागे लेफ्ट बॅकला आला, आणि २०२०-२१ ला मुंबई सिटीकडून आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग जिंकला. तोही काही ताडमाड नाही.

दुसरं, त्याला लीग खेळणारा क्लब दे. सेकंड डिव्हिजन, थर्ड डिव्हिजन, जो मिळेल तो, पण ज्याची वयोगटाची टीम खेळते असा. शाळेचा हंगाम चार सामन्यांत संपतो, लीगमध्ये तोच पोरगा महिनोन् महिने दिसतो. फक्त सही करताना नीट वाच. एकदा फेडरेशनच्या सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या नोंदणीत, एका क्लबकडे नाव चढलं की दुसरीकडे जायला रीतसर ट्रान्सफर लागते. "फॉर्मॅलिटी आहे गो" म्हणत कोरा कागद पुढे करणारे असतात.

तिसरं माझ्या गुडघ्यावरून. भात कापून झालं की शेतात सेव्हन-अ-साइड, म्हणजे सात-सात जणांच्या स्पर्धा लागतात, फ्लडलाइट, रोख बक्षीस, नारळ, घोषणा देणारा माईकवाला. मोठ्या ट्रायलच्या आदल्या रात्री मी दोनशे रुपयांसाठी खेळलो. शेताच्या मेरेवर, बांधावर पाय पडला आणि गुडघा फिरला. ट्रायलला गेलोच नाही. आज बँकेत शिपाई आहे, बरं चाललंय. पण पाऊस यायचा असला की वेधशाळेआधी मला कळतं.

न्यूजर्सीचा पेडणेकर

मी इथे अमेरिकेत राहतो. इथलं फुटबॉल म्हणजे हातात घेऊन पळायचं, ते सोडा. पण तुमचा प्रश्न इथे दर घरात आहे. हायस्कूलच्या सतरा वर्षांच्या पोरांना वेबसाइटवाले तारे वाटतात, दोन तारे, चार तारे, आणि कॉलेजचे लोक त्यावरून स्कॉलरशिप देतात. आडगावातला पोरगा त्यांच्या यादीतच नसतो.

जॉश अ‍ॅलन म्हणून इथल्या त्या फुटबॉलचा एक खेळाडू आहे. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या गावचा, घरची शेती. हायस्कूल संपलं तेव्हा वरच्या श्रेणीच्या एकाही कॉलेजने विचारलं नाही. तेव्हा तो बारीक होता. रीडली नावाच्या ज्युनिअर कॉलेजात एक वर्ष खेळला, अंगाने भरला, आणि देशभरच्या कोचना स्वतः ईमेल पाठवत सुटला. वायोमिंगने घेतलं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडतात तिथे, सातव्या नंबरवर उचलला गेला, आणि २०२४ च्या हंगामाचा तो एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू.

ही गोष्ट सांगून आशा लावत नाही. त्याच्यामागे किती जण ईमेल पाठवून थकले ते कोणी मोजत नाही. मुद्दा एवढाच की त्याला ज्युनिअर कॉलेजचं मागचं दार होतं आणि एक वर्ष होतं. स्टॉपरभाऊ म्हणतात ती सेकंड-थर्ड डिव्हिजन म्हणजे तुमच्याकडचं मागचं दार.

डिचोलीची ताई

सगळ्यांना देव बरे करू. उशिरा लिहिते आहे, कारण मास्तरांनी सांगितलेलं मोजायचं होतं.

रविवारी शेजारच्या गावाशी सामना होता. वही त्याने माळ्यावर टाकली होती, काढली. फक्त मान मोजली. पहिल्या हाफमध्ये त्याच्याकडे चौदा पास आले. तीन वेळा आधी मागे बघितलं. अकरा वेळा बॉल पायात आल्यावर बघितलं, आणि त्या अकरांत सहा वेळा बॉल परत गोलकीपरकडे. पाच वर्षं मी क्रॉस मोजत बसले आणि हे सहा बॅकपास मला कधी खुपलेच नाहीत, कारण आमच्या गावात लेफ्ट बॅकवर धावून येणारं कोणी नसतंच! त्याला आरामात वेळ मिळतो. ट्रायलला मिळाला नसणार. म्हणजे कोच अंगापिंडाचं बोलले ते चुकलं असेल, पण नाव न वाचण्यात फार चुकले असं आता छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

त्याला आकडा दाखवला. आधी चिडला. "तू मैदानात उतर मग बोल." मग रात्री जेवताना भाताचा घास हातात धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान वळवून बघायला लागला. आई घाबरली, म्हणाली मान लचकली का.

साष्टीकार, वाईट वाटलं नाही. तुमच्या गावात रविवारी खेळतात का हो? त्याला एकदा तिथे आणते. कोणीतरी अंगावर धावून यायला हवं.

मास्तर, बाबा पाच फूट आठ, मोठा मामा पाच अकरा. बाबांशी बोलले. आयटीआयचा फॉर्म भरायचा आहेच, तो भरणार. पण एका हंगामाला ते हो म्हणाले, अट एकच: बूट त्याच्या मापाचे घ्यायचे, उसने नाहीत. काल म्हापशाला जाऊन आणले. दुकानदाराने एक नंबर मोठे काढून दिले, "वाढेल अजून" म्हणाला. मी बदलून घेतले.

स्टॉपरदादा, डिचोली तालुक्यात वयोगटाची टीम असलेला कुठला क्लब तुमच्या ओळखीत असेल तर इथेच लिहा. कागद मी वाचेन. कोरा असला तर आमच्या पतसंस्थेत त्याला काय म्हणतात तेही सांगेन.