किनारा ‘मोकळा’ केला की ‘खुला’ केला?

दापोली तालुक्यातलं आमचं गाव. पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, तोंडाशी नवीन बोर्ड लागलाय, "पर्यटकांसाठी किनारा मोकळा करण्यात आला आहे." वाचून खटकलं. इथे ‘खुला’ हवं ना? की दोन्ही चालतं? बोर्डाच्या मागे गेलो तर खरंच मोकळा केलाय, गाड्या लावायला जेसीबी फिरवून वाळूवरची मर्यादवेल सगळी खरवडून टाकलीय, म्हणून जास्तच लागलं.

——

नाही चालत दादा, फरक आहे. घाटात दरड पडली की बातमी कशी येते बघा, दरड हटवून रस्ता मोकळा केला आणि मग वाहतुकीसाठी खुला केला. मोकळं करायचं म्हणजे आधी काहीतरी अडलेलं असतं ते काढायचं, खुलं म्हणजे नुसतं बंद नाही, या. आता पुळणीवर अडचण कसली, तर मर्यादवेल? अहो ती वाळू धरून ठेवते, आपट्यासारखी दुभागलेली पानं, जांभळट गुलाबी फुलं, आणि पेरापेराला मुळं सोडत सरकते त्यामुळे वाऱ्याने उडणारी वाळू तिच्यात अडकते नि हळूहळू उंचवटा होतो. भरतीचं पाणी जिथवर येतं त्याच्या जरा वर ती सुरू होते, नाव उगाच नाही पडलं. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी जपायच्या सरकारी नियमात वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सगळ्यात जपायच्या पट्ट्यात धरल्यात.

——

‘खुला’ कसा असतो ते मंडणगड तालुक्यातल्या वेळासला बघावं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांसोबत तिथे कासवं वाचवायचं काम उभं केलं. आम्ही मार्चमध्ये गेलो होतो, गावातच घरी राहिलो, सकाळी सगळे पुळणीवर. वाळूत दोरी बांधलेली, माणसं दोरीच्या मागे. टोपली उचलली आणि तळहातावर मावतील एवढी ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं थांबत थांबत पाण्याकडे निघाली, एक लाटेने उलटं झालं तर माझी लेक ओरडलीच, पण कोणी पुढे गेलं नाही, पुढच्या लाटेत ते सरळ होऊन गेलं. एवढी माणसं येतात तरी पुळण पुळणच राहिलीय.

——

ताई, दोरीचं बरं सांगितलंत, ग्रामसभेत तेच मांडतो. शब्द बदलणं पाच मिनिटांचं काम, गाड्या रस्त्याच्या पलीकडे लावायला लावणं अवघड जाणार. वेलीचं मात्र आम्हीच बघतो, पेराचा तुकडा वाळूत खोचला तरी धरतो, मृगाचा पाऊस लागला की पोरांना घेऊन लावून टाकू.