व्हिक्टरी युद्धनौकेचं लाकडी मॉडेल (१:९८) : नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) पट्ट्या उचलतायत

प्रश्न: बाहेरच्या सालीच्या पहिल्या थराच्या ५ मिमी लाकडी पट्ट्या नाळेच्या वळणावर एकमेकींवर चढतात. भिजवून लावल्या तरी तेच. आणि बाहेरचा रंग पिवळा की गुलाबी?

उत्तर १: निमुळत्या केल्या नाहीत, म्हणून. नाळेजवळच्या फ्रेमची (सांगाड्याच्या बरगडीची) कड मधल्या फ्रेमपेक्षा आखूड. कागदी पट्टीने दोन्हीकडे मोजा, पट्ट्यांच्या संख्येने भागा. तीच प्रत्येकीची रुंदी. निम्म्याखाली तासू नका, टोक चिरतं. तिथे दोन पट्ट्यांच्या जागी एकच घ्या.

उत्तर २: शिवाय ओली पट्टी चिकटवू नका! वाकवून, पिनांनी धरून रात्रभर वाळवा, मग गोंद. नाहीतर लाकूड आकसून फटी पडतात. डावी-उजवी बाजू आळीपाळीने घ्या, एकाच बाजूने गेलात तर कणा (सांगाड्याचा मधला लांब दांडा) पिळवटतो.

उत्तर ३: १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईतलं जहाज दाखवायचं तर फिकट गुलाबीसर. पोर्ट्समथला ठेवलेल्या मूळ जहाजाला रंगाचे जुने थर तपासून २०१५ मध्ये तीच छटा दिली. पिवळाधमक किटच्या खोक्यावरच शोभतो.